डॅशबोर्डवरचा तांबडा दिवा

तुमसरहून रामटेकला शांतिनाथ भगवंतांच्या दर्शनासाठी पहाटे निघावयाचे असते. आजी पुढे बसलेल्या, मुले मागे, डबे पायाशी. आणि गाडी सुरू होताच डॅशबोर्डवरील एक दिवा विझण्याचे नाव घेत नाही. ‘‘हा कसला दिवा?’’ ‘‘असू दे, परवाही लागला होता.’’ बहुतेक घरांत हा प्रश्न एवढ्यावरच मिटतो. व्यापाऱ्याच्या घरी दुकानाच्या वहीतील एका रुपयाचा फरक रात्री झोप लागू देत नाही. गाडीचा हिशेब मात्र असा उधारीवर चालतो.

या दिव्यांची चिन्हे जगभरातील गाड्यांत जवळपास सारखीच असतात. आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकाने ती ठरवून दिलेली आहेत. चिन्ह ओळखता आले नाही तरी रंग पाहावा. तांबडा म्हणजे गाडी थांबवावी. पिवळा म्हणजे पुढे जाता येईल, परंतु कारण लवकर शोधावे.

तांबड्यांपैकी सर्वांत महागात पडणारा दिवा म्हणजे तोटीच्या तेलबुदलीसारखा दिसणारा. तो तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाचा दाब गेला आहे हे सांगतो. दाब नसताना इंजिनाचे धातूचे भाग कोरडेच एकमेकांवर घासतात आणि काही मिनिटांत इंजिन कायमचे अडकू शकते. म्हणून हा दिवा लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. पाचदहा मिनिटांनी, सपाट जागी, तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा बुडवून पाहावी. तेल दोन खुणांच्या खाली असेल तर योग्य प्रतीचे तेल घालून दिवा विझतो का ते पाहता येते. पातळी ठीक असूनही दिवा लागत असेल तर इंजिन पुन्हा सुरू करू नये. गाडी ओढून न्यावी. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर आहे, ‘तेवढे जाऊन दाखवू’ हा विचार इंजिनाच्या किमतीचा ठरतो.

तापमानाचा तांबडा दिवा विदर्भात मे महिन्यात विशेष ओळखीचा. तो लागल्यास एसी बंद करावा, गाडी थांबवावी आणि इंजिन पूर्ण निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळलेल्या पाण्याने हात आणि चेहरा भाजतो. ब्रेकचा दिवा लागल्यास आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना ते पाहावे. ब्रेक ऑइल कमी दिसले तर केवळ भर घालून समाधान मानू नये, कारण पॅड झिजले किंवा गळती असली की पातळी उतरते. बॅटरीच्या दिव्याबाबत मोठा गैरसमज आहे. गाडी चालताना तो लागला तर दोष बहुधा बॅटरीत नसतो, तर तिला वीज पुरवणाऱ्या अल्टरनेटरमध्ये किंवा त्याच्या पट्ट्यात असतो. घरी मल्टिमीटर असल्यास तपासणी सोपी आहे: इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट, सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५. नवी बॅटरी विकत घेण्याआधी हे दोन आकडे पाहणे फायद्याचे.

पिवळ्या दिव्यांत इंजिनाच्या आकृतीचा दिवा कोड्यात टाकतो. तो स्थिर असेल तर काही गाड्यांत इंधनाचे झाकण सैल असणे एवढेही कारण पुरते. तो लुकलुकत असेल तर वेग उतरवून गाडी लवकर थांबवावी, कारण न जळलेले इंधन धुराड्यातील उत्प्रेरक जाळू शकते. स्टिअरिंगखालील जोडणीला लावावयाचे छोटे यंत्र मोबाइलवर दोषाचा क्रमांक दाखवते. उदाहरणार्थ पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. त्याच यंत्राने क्रमांक पुसताही येतो. परंतु क्रमांक पुसणे म्हणजे उधारीचे पान फाडणे. देणे तसेच राहते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जाळी असते. घर ते राइस मिल, मिल ते बाजार, अशा दोनचार किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तापतच नाही, काजळी साचते आणि दिवा लागतो. अशा वेळी मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर एकसारख्या वेगाने वीसेक मिनिटे गाडी चालवली की बहुधा ती जाळी स्वतःच मोकळी होते. दिवा तरीही राहिला तर मात्र वर्कशॉप गाठावे.

धानाच्या जिल्ह्यात आणखी एक कारण असते, ते मॅन्युअलमध्ये ठळकपणे सापडत नाही: उंदीर. गोदामाला लागून उभी राहणारी, चातुर्मासात प्रवास कमी झाल्याने आठवडेच्या आठवडे न हललेली गाडी त्यांना सोयीची वाटते. वायर कुरतडली की एकाच वेळी तीनचार असंबद्ध दिवे लागतात. बॉनेट उघडून वाळके गवत, भुसा, लेंड्या दिसतात का पाहावे. विषाचा प्रश्न या घरांत येत नाहीच. गाडी पोत्यांपासून दूर लावणे, आठवड्यातून एकदोनदा चालवणे, खालच्या उघड्या जागांना तारेची जाळी बसवणे आणि रात्री बॉनेट उघडे ठेवणे यांनी बरेच काम भागते. सकाळी बॉनेट बंद करण्यापूर्वी आत मांजर वा पक्षी नाही ना, हे मात्र पाहावे.

एअरबॅगच्या दिव्याला घरी हात लावू नये. सीटखाली तांदळाच्या नमुन्यांच्या पिशव्या कोंबल्याने तेथील जोडणी हलली असेल, तर पिशव्या काढाव्यात. पिवळी वायर कधीही ओढू नये.

जुनी गाडी घेताना मात्र विझलेला दिवाच तपासावा लागतो. किल्ली ‘ऑन’ स्थितीत आणली, इंजिन सुरू केले नाही, तर सर्व सूचक दिवे क्षणभर लागले पाहिजेत. एअरबॅगचा किंवा इंजिनाचा दिवा त्या वेळी लागलाच नाही, तर तो मुद्दाम काढलेला असू शकतो. आणि मग सौदा थांबवून गाडी मेकॅनिककडे दाखवावी.