सर्व्हर नव्याने बसवताना माल जपा!

चोपड्यांच्या कपाटाशेजारी आता पुष्कळ व्यापारी बांधवांच्या घरी एक छोटा सर्व्हर दिसतो. आत दोन-चार हार्ड डिस्क. जॅकार्डच्या डिझाइन, नमुन्यांचे फोटो, बिले, उधारीची यादी, यंत्रमागवाल्यांची मजुरी, सारे त्यात. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, हे आपण जाणतोच. सरकारचा दंडकही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशोबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून 72 महिने सांभाळावी लागतात.

हा सर्व्हर एक दिवस चालू होत नाही. मेकॅनिक येतो आणि म्हणतो, "शेठ, फॉरमॅट मारून देतो." येथे त्याचा हात धरावा.

दुकानाची पाटी पडली म्हणून गोदाम कोणी जाळत नाही. सर्व्हर चालवणारी प्रणाली एका लहान डिस्कवर असते, आपला माल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर. पुष्कळदा बिघडते ती लहान डिस्कच, विशेषतः कोणी पैसे वाचवायला पेन ड्राइव्हवर काम भागवले असेल तर. माल शाबूत असतो. तो जातो तो दुरुस्तीच्या वेळी.

आम्ही येथे ट्रूनॅस या मोफत प्रणालीबद्दल लिहीत आहोत. 2020 पर्यंत तिचे नाव फ्रीनॅस होते. तिच्यात अनेक डिस्क मिळून एक 'पूल' बनतो आणि पुलाची ओळख त्या डिस्कवरच लिहिलेली असते. म्हणून प्रणाली नवी असली तरी ती जुना पूल ओळखते. डिस्कच्या जागा अदलाबदल झाल्या तरी बिघडत नाही.

मशीन थोडेफार चालत असेल तर प्रथम सेटिंगची फाइल उतरवून घ्यावी. त्या वेळी 'सीक्रेट सीड' सोबत घेण्याची खूण करावी, नाहीतर साठवलेले पासवर्ड परत येत नाहीत. पुलाला कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, लावले असेल तर त्याची किल्ली वेगळ्या जागी ठेवावी. ती हरवली तर त्या मालाला कोणी हात लावू शकत नाही, मालकसुद्धा नाही. नंतर पूल 'एक्स्पोर्ट' करावा. तेथे माल नष्ट करण्याचाही एक चौकोन असतो, त्यावर खूण करू नये. मशीन बंदच पडले असेल तर एक्स्पोर्ट होणार नाही, पण त्याने माल जात नाही.

आता सर्वांत मोठी खबरदारी. मशीन बंद करून मोठ्या डिस्कच्या केबल काढून ठेवाव्यात. नवी प्रणाली बसवताना कोणती डिस्क वापरू असे विचारले जाते आणि निवडलेली डिस्क पुसली जाते. समोर एकच लहान डिस्क असेल तर चूक होणार कशी? प्रणाली बसली की मशीन बंद करून केबल पुन्हा जोडाव्यात.

मग पडद्यावर दोन शब्द दिसतील. 'इम्पोर्ट पूल' म्हणजे जुना माल ताब्यात घेणे. 'क्रिएट पूल' म्हणजे डिस्क पुसून नवे गोदाम बांधणे. मेकॅनिकला हा फरक ठाऊक नसेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

इम्पोर्टनंतर फोल्डर दिसते, पण 'परवानगी नाही' असे येते. घाबरू नये. नव्या प्रणालीत मुनीमजींचे खाते दुसऱ्या क्रमांकाने बनले असते. मालकी पुन्हा नावावर करावी, किंवा जुनी सेटिंगची फाइल चढवावी.

डिस्कची जोडी आहे म्हणून बॅकअप नको, असे समजणारे पुष्कळ भेटतात. एकीवरची फाइल पुसली की दुसरीवरचीही पुसली जाते. उधारी आणि मजुरीच्या फायली तरी हात लावण्यापूर्वी वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्यात दुसऱ्यांचा हक्क आहे.

काम झाल्यावर 'पूल अपग्रेड करा' अशी सूचना येते. घाई नको. एकदा अपग्रेड केले की जुनी प्रणाली तो पूल वाचेलच असे नाही. आठ-पंधरा दिवस फायली उघडून पाहाव्यात, मुनीमजींनाही विचारावे, मग काय ते ठरवावे.