विमानाची बॅग: आधी टेप लावा, मग पैसे द्या

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मावशींना घेऊन मी नागपूरहून बंगळूरला निघाले. त्यांच्या मुलीचं बाळंतपण होतं आणि मावशींचा हा पहिलाच विमानप्रवास. मुलाने हौसेने नवी ट्रॉली बॅग आणली होती, वर 'केबिन साइज' अशी चिठ्ठी. विमानात चढायच्या दारापाशी कर्मचाऱ्याने ती मापाच्या चौकटीत घालून पाहिली. चाकांपाशी अडली. "ही खाली सामानात जाईल," तो म्हणाला. मावशींनी बॅग लगेच सोडून दिली. मी विचारलं, "इन्सुलिन कुठंय?" "त्यातच, तळाला."

मग तिथंच जमिनीवर बॅग उघडली. साड्या, बाळाची दुपटी उपसून इन्सुलिन आणि बीपीच्या गोळ्या काढल्या. मागे रांग खोळंबली, काही जण हसले. मावशींच्या डोळ्यात पाणी आलं. चूक त्यांची नव्हती. मी नर्स असून निघण्याआधी विचारलं नाही, ती चूक माझी. म्हणून हे लिहिते आहे.

माप कसं घ्यायचं?

देशातल्या प्रवासात साध्या वर्गाच्या तिकिटावर इंडिगो आणि एअर इंडिया हातातल्या बॅगेला 7 किलो वजन चालवतात. लांबी, रुंदी आणि जाडी मिळून 115 सेंटिमीटर. पण बेरीज तीच असली तरी आकडे वेगळे आहेत. इंडिगोचं माप 55×35×25, तर एअर इंडियाचं 55×40×20. दोन्हीकडे चालावी अशी बॅग हवी असेल तर 55×35×20 च्या आतली घ्या. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी तिकिटावर एकदा वाचून घ्या. परदेशी जायचं असेल तर माप आणि वजन वेगळं असू शकतं.

दुकानात जाताना शिवणकामाचा टेप सोबत न्या. त्याच्या एका बाजूला सेंटिमीटर असतात. बॅग उभी करून जमिनीपासून मोजा, म्हणजे चाकंही मापात येतील. वरची मूठ धरा, पुढचा फुगलेला कप्पाही धरा. काही बॅगांना जाडी वाढवायची जादा चेन असते. ती उघडली की बॅग मापाबाहेर जाते. 'केबिन साइज' ही चिठ्ठी कंपनीने लावलेली असते. विमानतळावर चौकट बघतात, चिठ्ठी नाही.

वजनाचं गणित

रिकामी बॅगच अडीच किलोची असेल तर सामानाला साडेचार किलोच उरतात. म्हणून हलकी बॅग बघा. घरी वजनकाटा असेल तर आधी स्वतः उभं राहा, मग बॅग हातात घेऊन उभं राहा आणि वजाबाकी करा. काटा नसेल तर रद्दीवाल्याकडे किंवा किराणा दुकानात तोलून घ्या. जास्त भरलं तर विमानतळावर जादा पैसे मोजावे लागतात.

वजनाचा संबंध शरीराशीही आहे. ही बॅग डोक्यावरच्या कप्प्यात चढवावी लागते. सिझेरियन, पिशवीचं किंवा हर्नियाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, खांदा आखडला असेल, कंबर धरत असेल तर स्वतः उचलू नका. मदत मागा, त्यात संकोच कसला? उचलायचीच असेल तर गुडघे वाकवून आधी सीटवर ठेवा, मग तिथून वर. कंबरेतून पिळा देऊन एका झटक्यात उचलू नका.

औषधं ट्रॉलीत नको

विमान भरलेलं असलं की बरोबर मापाची बॅगही कधी कधी दारातच खाली सामानात पाठवतात. म्हणून औषधं खांद्याच्या पर्समध्ये ठेवा. ट्रॉलीसोबत लहान पर्स सहसा चालते. तिच्यात एवढं असू द्या:

• दोन-तीन दिवस पुरतील एवढी जादा औषधं, मूळ पाकिटातच, नाव आणि तारीख दिसेल अशी.
• डॉक्टरांची चिठ्ठी. इन्सुलिनच्या सुया असतील तर ती हवीच.
• दम्याचा पंप, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, चष्मा.
• ओळखपत्र, फोन आणि पॉवर बँक. पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही.

इन्सुलिन खालच्या सामानात कधीही देऊ नका. तिथं थंडीने ते गोठू शकतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. बर्फाला चिकटवूनही ठेवू नका. दोन-तीन तासांच्या प्रवासात उन्हापासून जपलं की पुरतं.

लोणच्याची बरणी हातातल्या बॅगेत नको, ती खालच्या सामानात द्या. परदेशी जाताना हातातल्या बॅगेत तेल, शाम्पू अशा वस्तूंची बाटली 100 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. गरजेच्या पातळ औषधांना सवलत असते, पण चिठ्ठी दाखवावी लागते.

मावशींनी नंतर मापाची बॅग घेतली. वस्तीतलं कोणी विमानाने निघालं की ती मागून नेतं. बॅग हातात देताना मावशी एकच विचारतात, "औषधं कुठं ठेवलीस?"