आजोबांचा ईसीजी पुसट होण्याआधी...

घरातली आजोबांची जुनी फाइल उघडा. त्यातला गुलाबी चौकटींचा ईसीजी फिका पडलाय ना? तो बहुतेक थर्मल कागद असतो. ऊन, उष्णता लागली की रेघ उडत जाते. पण उद्या छातीत दुखलं तर डॉक्टर विचारणार, 'आधीचा ईसीजी आहे?' नव्यात दिसणारा बदल आजचा की जुनाच, हे ताडून बघायला तोच लागतो.

म्हणून आजच स्कॅन करा. कागद सपाट ठेवा, तारीख दिसू द्या, चौकटी कापू नका. नेहमीच्या वेगाला १ मिलिमीटरचा चौकोन म्हणजे आडवे ०.०४ सेकंद, उभा ०.१ मिलिव्होल्ट. या मापावरूनच सॉफ्टवेअर रेघेचे पुन्हा आकडे करतं. २०२४च्या फिजिओनेट चॅलेंजचा विषयही हाच होता. कोडिंग येतं? मग प्रोजेक्ट सापडला की!