तीन गोळ्या आणि पाण्याचा पेला

'आफ्रिकेत गरोदर बायकांना मलेरिया होऊ नये म्हणून आधीच गोळ्या देतात, मग माझ्या सुनेला का नाहीत?' इंदूरजवळच्या गौतमपुऱ्यातून एका वाचक भगिनीने हा प्रश्न विचारला आहे.

आधी मलेरियाच्या परजीवीची खोड समजून घेऊ. फाल्सिपॅरम जातीचा परजीवी शिरलेल्या रक्तपेशी वारेत चिकटून बसतात. त्या तिथे कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए या पदार्थाला धरून राहतात, हे मिचल फ्राइड आणि पॅट्रिक डफी यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे बोटाच्या रक्तात कधी काहीच सापडत नाही, बाईला तापही नसतो, आणि आत बाळाचे पोषण घटत जाते! पहिलटकरणीच्या शरीराला वारेतल्या या शत्रूची ओळखच नसते, म्हणून तिला धोका जास्त.

मध्य प्रदेशात हे दुखणे जबलपुरातून चिकाटीने मोजले ते संशोधक नीरू सिंह यांनी. १९९९ च्या त्यांच्या शोधनिबंधात गरोदर बायकांत, त्यातही पहिलटकरणींत, मलेरिया अधिक आढळला. मलेरिया डासांमुळे पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. नीरू सिंह यांचे नावही तितकेच घराघरांत पोचायला हवे.

आता प्रश्नातल्या आफ्रिकेतल्या गोळ्या. त्या सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिनच्या. चौथ्या महिन्यापासून, महिन्याच्या अंतराने, दर वेळी तीन, नर्ससमोर गिळायच्या. तरी २०२२ मध्ये ३३ देशांत किमान तीन मात्रा मिळाल्या त्या जेमतेम ४२ टक्के बायकांना. दिवस गेल्याचे उशिरा सांगितले आणि पहिली तपासणी सातव्या महिन्यात झाली, की एक फेरी चुकली तरी तिसरी मात्रा हुकते. कुठे गोळ्याच संपलेल्या, कुठे पाण्याचा पेला नाही. पहाटे उपाशी निघालेल्या बाईला 'खाऊन ये' म्हणून परत पाठवले, की ती पुन्हा येत नाही. खरे तर ही गोळी उपाशीपोटीही चालते. मादागास्कर, मोझांबिकमध्ये आपल्या आशाताईंसारख्या गावातल्याच कार्यकर्त्यांच्या हाती गोळ्या दिल्या, तेव्हा त्या जास्त बायकांपर्यंत पोचल्या.

आपल्याकडे लागण आफ्रिकेच्या मानाने कमी, शिवाय व्हायव्हॅक्स या दुसऱ्या जातीचा मलेरियाही बराच. म्हणून ही गोळी सरसकट देत नाहीत. तेव्हा सूनबाईंना रात्री मच्छरदाणीत झोपू द्या. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. व्हायव्हॅक्स निघाल्यास डॉक्टर क्लोरोक्विन देतील, पण यकृतात दडलेले परजीवी मारणारे प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी ताप उलटला, तर रक्त पुन्हा तपासायचे.