संगणकाचे ठिगळ

ठिगळ हा शब्द आपल्या भाषेत फारसा मानाचा समजला जात नाही. ठिगळ लावलेला सदरा घालून चारचौघांत जाण्यास मनुष्य संकोचतो आणि शक्य तर ते ठिगळ झाकून ठेवतो. संगणकाच्या जगात मात्र याच्या उलट रीत आहे. तेथे ठिगळाला ‘पॅच’ असे म्हणतात. त्याला क्रमांक देतात, त्यावर दिनांक घालतात आणि आपल्या कामात अमुक ठिकाणी दोष होता व तो आम्ही असा दुरुस्त केला आहे, असे सर्व जगाला जाहीरपणे कळवितात. ही रीत का पडली आणि तिच्यामुळे आपले कोणते हित साधते, हे समजून घेण्यासारखे आहे.

प्रथम हा शब्द कोठून आला ते पाहू. जुन्या काळी संगणकाला द्यावयाच्या आज्ञा कागदी फितीवर किंवा जाड कागदाच्या पत्त्यांवर भोके पाडून लिहीत असत. एखादे भोक चुकीच्या जागी पडले, तर त्यावर कागदाचा तुकडा चिकटवून ते बुजवीत आणि योग्य जागी नवे भोक पाडीत. ते खरोखरीचेच ठिगळ होते. पुढे फिती गेल्या, पत्ते गेले. परंतु आज्ञांमधील चूक सुधारण्याच्या क्रियेला तेच नाव चिकटून राहिले.

संगणकाच्या अंगी स्वतःची अशी बुद्धी नसते. कळफलकावर कोणते अक्षर दाबले गेले, आलेली माहिती कोठे साठवावयाची, कोणत्या कामाला किती वेळ द्यावयाचा आणि कोणाला कोणत्या कागदपत्राला हात लावू द्यावयाचा, ही सर्व व्यवस्था पाहणारी आज्ञांची एक मोठी संहिता संगणकात असते. तिला संचालन-प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. ही संहिता लक्षावधी ओळींची असते आणि ती माणसांनीच लिहिलेली असते. साहजिकच तीत चुका राहतात. काही प्रणाल्यांची संहिता कंपन्या गुप्त ठेवितात. ज्या प्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, तपासता येते व सुधारता येते, तिला मुक्तस्रोत प्रणाली असे म्हणतात.

ओपन-बी-एस-डी ही अशीच एक मुक्तस्रोत प्रणाली आहे. कॅनडा देशातील कॅलगरी या शहरी राहणाऱ्या थिओ डी राट यांनी १९९५ साली तिचा आरंभ केला. १९९६ पासून या प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी एक कष्टाचे व्रत अंगीकारले. कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता ते आपली संहिता ओळ न् ओळ वाचून तीतील दोष शोधू लागले. दर सहा महिन्यांच्या सुमारास या प्रणालीची नवी आवृत्ती निघते. आवृत्ती निघाल्यानंतर जे महत्त्वाचे दोष सापडतात, त्यांचे एक जाहीर शुद्धिपत्र ठेवलेले असते. पुस्तकाच्या शेवटी छापलेले शुद्धिपत्र तुम्ही पाहिलेच असेल. हे शुद्धिपत्र तसेच आहे. फरक इतकाच की, ते आवृत्ती निघाल्यानंतरही वाढत जाते. त्यातील प्रत्येक नोंदीस क्रमांक व दिनांक असतो, दोषाचे थोडक्यात वर्णन असते आणि त्यावरील ठिगळही तेथेच मिळते.

या शुद्धिपत्रातील नोंदी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार विश्वसनीयतेच्या दुरुस्तीचा. ज्या दोषामुळे यंत्र अचानक बंद पडते, अडकून बसते किंवा चुकीचे उत्तर देते, तो विश्वसनीयतेचा दोष होय. दुसरा प्रकार सुरक्षेच्या दुरुस्तीचा. ज्या दोषाचा फायदा घेऊन परका मनुष्य यंत्रात शिरू शकतो, दुसऱ्याची माहिती वाचू शकतो किंवा यंत्राकडून आपली आज्ञा पाळवून घेऊ शकतो, तो सुरक्षेचा दोष होय. वरवर पाहता पहिला दोष गैरसोयीचा आणि दुसरा धोक्याचा वाटतो. परंतु या दोहोंमधील सीमारेषा वाटते तितकी ठळक नसते. एका दृष्टान्ताने हे स्पष्ट होईल.

अशी कल्पना करा की, एका शाळेच्या कार्यालयात एक नोंदवही आहे. तिच्या डाव्या पानावर बाहेरून आलेल्या पत्रांची नक्कल करावयाची आणि उजव्या पानावर मुख्याध्यापकांनी शिपायासाठी सूचना लिहावयाच्या, असा नियम आहे. शिपाई मोठा आज्ञाधारक आहे. उजव्या पानावर जे लिहिलेले असेल ते तो निमूटपणे करितो. डाव्या पानावर दहा ओळी मावतात. एके दिवशी पंधरा ओळींचे पत्र येते. कारकून ओळी न मोजताच ते उतरवीत जातो आणि शेवटच्या पाच ओळी उजव्या पानावर जातात. त्या ओळी निरर्थक असतील, तर शिपाई गोंधळून उभा राहील व कार्यालयाचे काम थांबेल. हा झाला विश्वसनीयतेचा दोष. परंतु कोणती ओळ कोठे पडणार हे पत्र धाडणाऱ्याला आधीच ठाऊक असेल, तर तो नेमक्या त्या ठिकाणी ‘तिजोरीची किल्ली पत्र आणणाऱ्याच्या हाती द्यावी’ असे लिहून ठेवील. आणि शिपाई किल्ली देऊन मोकळा होईल. हा झाला सुरक्षेचा दोष. दोन्ही प्रसंगांत कारकुनाची चूक एकच आहे आणि तिच्यावरील उपायही एकच आहे : उतरविण्यापूर्वी ओळी मोजाव्यात.

२००७ साली ओपन-बी-एस-डीच्या बाबतीत असाच प्रसंग घडला. संगणक एकमेकांकडे माहिती पाठवितात ती लहान लहान पाकिटांच्या रूपाने. आलेले पाकीट उघडून पाहण्यापूर्वी प्रणालीचा गाभा ते स्मृतीतील ठरावीक मापाच्या कप्प्यात ठेवितो. जाळ्यावरील देवाणघेवाणीचे जे नवे नियम ‘आयपी आवृत्ती ६’ या नावाने ओळखले जातात, त्यांतील एका प्रकारची पाकिटे विशिष्ट रीतीने तुकडे करून पाठविली, तर या कप्प्यांचा हिशेब चुकतो, असे कोअर सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांना आढळून आले. फेब्रुवारी महिन्यात त्यांनी ही गोष्ट ओपन-बी-एस-डीच्या कार्यकर्त्यांना कळविली. कार्यकर्त्यांनी लागलीच संहितेत दुरुस्ती केली. परंतु या दोषामुळे फार तर यंत्र बंद पडेल, असे त्यांचे मत पडले. म्हणून त्यांनी त्याची गणना विश्वसनीयतेच्या दोषांत केली.

संशोधकांचे मात्र समाधान झाले नाही. त्यांनी अभ्यास पुढे चालविला आणि मार्च महिन्यात प्रत्यक्ष प्रयोग करून दाखविला की, नेमकी जुळविलेली पाकिटे पाठविल्यास दूरच्या मनुष्याला प्रणालीच्या गाभ्याकडून आपल्या आज्ञा पाळवून घेता येतात. म्हणजे शिपाई केवळ गोंधळून उभा राहत नव्हता. तो किल्लीही देऊ शकत होता. हे सिद्ध होताच शुद्धिपत्रातील ती नोंद बदलण्यात आली. विश्वसनीयतेच्या दुरुस्तीऐवजी तेथे सुरक्षेची दुरुस्ती असे शब्द आले. ठिगळ तेच राहिले. परंतु ते वाचणाऱ्याला आता कळले की, हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही.

या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात येतात. यंत्र नुसते बंद पडते म्हणून एखादा दोष क्षुल्लक समजू नये, ही पहिली. दुसरी अशी की, संहिता उघडी असल्यामुळे ती लिहिणाऱ्यांच्या मताची पारख परक्या संशोधकांनाही करता आली. केवळ उघडेपणामुळे दोष नाहीसे होत नाहीत, हे खरे. ते शोधण्यासाठी वाचणारा मनुष्य लागतोच. परंतु वाचावयास मिळाले तरच कोणी वाचील.

आता हे ठिगळ दिसते कसे ते पाहू. साऱ्या संहितेची नवी प्रत पाठविण्याऐवजी जुनी व नवी प्रत यांत जेवढा फरक असेल, तेवढाच लिहून पाठवावयाचा, ही त्यामागील युक्ती आहे. गाळावयाच्या ओळीच्या आरंभी वजाबाकीचे चिन्ह असते आणि घालावयाच्या ओळीच्या आरंभी बेरजेचे. असा फरक वाचून जुन्या संहितेत आपोआप बदल करणारा ‘पॅच’ नावाचा कार्यक्रम लॅरी वॉल यांनी १९८५ साली सर्वांना खुला केला. पुष्कळदा लक्षावधी ओळींच्या प्रणालीतील मोठा धोका दोनचार ओळींच्या ठिगळाने दूर होतो. ते इतके लहान असल्यामुळे काय बदलले हे कोणालाही वाचून ताडून पाहता येते.

पूर्वी ओपन-बी-एस-डी वापरणाऱ्याला हे ठिगळ मूळ संहितेस लावून ती संहिता यंत्राला समजेल अशा रूपात पुन्हा स्वतःच उतरवावी लागे. हे काम वेळखाऊ होते. २०१७ सालापासून ‘सिसपॅच’ नावाच्या साधनाने तयार ठिगळे एका आज्ञेसरशी बसविण्याची सोय झाली. परंतु येथे एक शंका उद्भवते. ठिगळाच्या मिषाने कोणी खोटाच तुकडा पाठविला तर? त्यासाठी २०१४ सालापासून या प्रणालीच्या आवृत्त्यांवर व ठिगळांवर एक प्रकारची अंकीय स्वाक्षरी केलेली असते. सरकारी कागदावरील मोहोर पाहून आपण तो खरा आहे की नाही ते ठरवितो. त्याचप्रमाणे संगणक ही स्वाक्षरी गणिताने पडताळून पाहतो आणि ती जुळली तरच ठिगळ स्वीकारतो.

इतके सर्व झाले, तरी अर्धेच काम झाले. ठिगळ प्रसिद्ध झाल्याबरोबर दोष कोठे होता हे सज्जनांना कळते, तसेच दुर्जनांनाही कळते. चोराला भिंतीतील भगदाड ठाऊक नसेल, तर ते बुजविल्याची बातमी वाचून तो ज्यांच्या भिंती अजून तशाच आहेत त्यांची घरे शोधीत निघतो. म्हणून ठिगळ निघाल्याच्या दिवसापासून वापरणारा आणि हल्लेखोर यांच्यात जणू शर्यत सुरू होते.

ही शर्यत हरल्यास काय होते, याचे उदाहरण एका बंदिस्त प्रणालीच्या इतिहासात सापडते. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या विंडोज प्रणालीतील एका दोषावर सुरक्षेचे ठिगळ प्रसिद्ध केले. त्यानंतर ५९ दिवसांनी, म्हणजे १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ नावाचा उपद्रवी कार्यक्रम त्याच दोषातून जगभर पसरला. तो यंत्रातील माहिती कुलूपबंद करी आणि ती सोडविण्यासाठी खंडणी मागे. सुमारे दीडशे देशांतील यंत्रे त्याच्या तडाख्यात सापडली. इंग्लंडमधील सार्वजनिक रुग्णालयांत डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी पाहता येईनात. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि काही रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. औषध घरात होते. ते घेतले गेले नव्हते. प्रणाली बंदिस्त असो वा मुक्त, हा नियम दोघींनाही सारखाच लागू आहे.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेविली पाहिजे. कोणतीही प्रणाली अनंत काळ दुरुस्त केली जात नाही. ओपन-बी-एस-डीच्या केवळ शेवटच्या दोन आवृत्त्यांसाठीच ठिगळे निघतात. म्हणजे प्रत्येक आवृत्तीला सुमारे एक वर्षाचे आयुष्य लाभते. त्यानंतर ती चालत राहते, परंतु तीत नवा दोष सापडल्यास त्यावर ठिगळ मिळत नाही. ‘यंत्र चालते आहे, मग हात कशाला लावा?’ असे म्हणणारे लोक दुखणे अंगावर काढणाऱ्या रुग्णासारखे असतात. दुखणे दिसत नाही तोवर ते नाहीच, असा त्यांचा समज असतो.

शेवटी या प्रणालीच्या कार्यकर्त्यांची एक रीत सांगण्याजोगी आहे. नुकत्याच बसविलेल्या त्यांच्या प्रणालीत दूरवरून शिरण्याजोगे किती दोष आजवर सापडले, हे ते आपल्या जाहीर निवेदनात ठळकपणे सांगतात. प्रारंभीची अनेक वर्षे त्या निवेदनात एकही दोष नसल्याचा अभिमानाने उल्लेख असे. २००२ साली ‘ओपन-एस-एस-एच’ या त्यांच्याच साधनात तसा दोष सापडला, तेव्हा त्यांनी तेथे एक असे लिहिले. २००७ सालच्या वर सांगितलेल्या प्रसंगानंतर त्या एकाचे दोन केले. हा आकडा वाढविताना त्यांना आनंद झाला नसेल. परंतु तो त्यांनी झाकून ठेविला नाही. ज्या प्रणालीचे दोष मोजून सांगितले जातात, तिच्यावर विसंबून राहण्यास आपल्याला आधार मिळतो. ज्या प्रणालीचे दोष सांगितलेच जात नाहीत, तिच्यात ते नाहीत असे मात्र समजता येत नाही.

आज रेल्वेचे आरक्षण, बँकेतील खाते, रुग्णालयातील नोंदी आणि शाळेचे निकाल ही सर्व कामे संगणकावर सोपविलेली आहेत. आपली भिस्त ज्या यंत्रांवर आहे त्यांची राखण दोघांच्या हाती असते : दोष शोधून ठिगळ तयार करणाऱ्यांच्या आणि ते वेळीच लावणाऱ्यांच्या. पहिले काम थोड्या जाणकारांचे आहे. दुसरे काम ज्यांच्या ज्यांच्या हाती संगणक आहे त्या सर्वांचे, म्हणजे तुमचेही आहे.