पुढे घाट आहे, वस्तरा हळू चालवा

सोमवारची सकाळ. नऊला क्लायंट मीटिंग. पांढराशुभ्र शर्ट कडक इस्त्री करून हँगरला लटकवलेला. आणि सव्वाआठला बाथरूमच्या आरशात दिसतंय काय, तर गळ्याच्या घाटीवर टिश्यू पेपरचा इवलासा तुकडा आणि त्याच्या मधोमध लालभडक ठिपका! मीटिंगभर समोरच्या मॅडमची नजर लॅपटॉपवरून माझ्या कॉलरवर आणि कॉलरवरून परत लॅपटॉपवर. कॉलरला डाग पडलाय हे मला कळलं लिफ्टच्या आरशात. खाली उतरताना.

वस्तऱ्याने दाढी करायला लागून तेव्हा जेमतेम दहा दिवस झाले होते. 'स्कायफॉल'मध्ये (२०१२) मनीपेनी बाँडची दाढी वस्तऱ्याने करते, तो सीन बघून भुललेले बरेच असतील. माझी गोष्ट एवढी ग्लॅमरस नाही. माझ्या गळ्यावर कायम पुटकुळ्या. चार-चार पात्यांचा रेझर केस कातडीच्याही खाली कापतो, आणि केस कुरळे असले की वाढताना ते बाहेरची वाट चुकून आतच वळतात. स्किनच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिले: दाढी वाढवा, नाहीतर एका पात्यावर या. दाढी मला शोभत नाही. मग जर्मनीतल्या झोलिंगनचा एक वस्तरा मागवला. (किंमत घरी अजून सांगितलेली नाही.)

तसं बघितलं तर आपले पणजोबा याच हत्याराने दाढी करायचे, किंवा करवून घ्यायचे. जिलेटने सेफ्टी रेझर बाजारात आणला १९०३ मध्ये. पहिल्या वर्षी खपले फक्त ५१, पुढच्या वर्षी नव्वद हजारांवर. लोक वस्तऱ्याला किती घाबरून होते, याचा अंदाज यावरून यावा!

कॉलरकांडानंतर मी कोपऱ्यावरच्या सलूनमधल्या काकांना गाठलं. लहानपणापासून माझं डोकं त्यांच्याच हातात. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, नुसती अ‍ॅक्शन करून दाखवायला लावली आणि अर्ध्या मिनिटात म्हणाले, "डावा हात खिशात घालून दाढी करतोस काय रे?"

सगळी मेख इथेच होती. वस्तरा धरणारा हात फारसं काही करतच नाही. पाठ कातडीपासून जराशी वर, साधारण तीस अंशांचा कोन, दाब शून्य. खरं काम दुसऱ्या हाताचं. चेहऱ्याचा अवघड भाग ओढून सपाट करायचा आणि मग त्या सपाटीवर पातं फिरवायचं. गाल मुळातच सपाट, म्हणून तिथे कुणीही हिरो होतो. मजा पुढे आहे.

जबड्याच्या हाडावर पातं चढवायचंच नाही. गालावरची कातडी वर ओढली की हाडाखालचे खुंट आपोआप गालाच्या सपाटीवर येतात. हनुवटीसाठी खालचा ओठ दातांवर घट्ट ओढायचा, कच्ची कैरी खाल्ल्यासारखं तोंड करायचं आणि दोन्ही बाजूंनी मधे येत छोटे-छोटे हात मारायचे. ओठाखालची खळी जिभेने आतून फुगवा. दिसाल विचित्र, पण बाथरूममध्ये बघतंय कोण?

मिशीची जागा म्हणजे धीराची परीक्षा. वरचा ओठ दातांवर खाली ताणायचा, डाव्या हाताच्या बोटाने नाकाचा शेंडा वर उचलायचा आणि वरून खाली अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरचे हात. इथे पहिले काही आठवडे मी सरळ जुना रेझर वापरला, आणि त्यात काही कमीपणा नाही.

आणि घाटी! माझी चूक अशी, की मी तो उंचवटा पार करायला जायचो. काकांची युक्ती साधी आहे. घाटीवरची कातडी बोटांनी बाजूला सरकवायची, मानेच्या सपाट भागावर आणायची आणि तिथे साफ करायची. मग दुसऱ्या बाजूला. घाटी राहते जागच्या जागी, तिच्यावर वस्तरा चढतच नाही. शिवाय गळ्यावरचे केस गालांसारखे मुकाट्याने खाली वाढत नाहीत. काही वर, काही आडवे. दोन दिवसांच्या दाढीवरून बोट फिरवलं की कुठे खरखरतं ते कळतं. पुटकुळ्या येत असतील तर केसांच्या दिशेनेच जा, उलटा हात विसरा. आणि पातं कधीही आडवं सरकवू नका. टोमॅटो चिरताना सुरी जशी ओढतो ना, अगदी तसंच कापतं ते.

साबणाने बोटं निसरडी होतात, कातडी सटकते. त्यासाठी तुरटीचा खडा ओला करून डाव्या हाताच्या बोटांना चोळायचा, पकड येते. हे मला कुठल्याही ग्रूमिंग गाइडने सांगितलं नव्हतं. नंतर बारीकसारीक कापलं असेल तर तोच खडा तिथेही चालतो. झोंबतो, पण रक्त थांबतं.

सलूनमध्ये काका स्वतः आता बदलत्या पात्याचा वस्तरा वापरतात, गिऱ्हाइकागणिक नवं पातं. एचआयव्ही, कावीळ, उगाच कशाला धोका? घरचा वस्तरा मात्र एकाच माणसाचा. रूममेटला द्यायचा नाही, तो कितीही जिवलग असला तरी. चामड्याच्या पट्ट्यावर तो दर वेळी वीस-तीसदा ओढावा लागतो, धार मागे आणि पाठ पुढे ठेवून. उलटं केलंत तर पट्टा कापाल.

आता शनिवार-रविवार वस्तरा, वीस-पंचवीस मिनिटं निवांत. सोमवारी, आणि आदल्या रात्री पार्टी झाली असेल तेव्हा, साधा एका पात्याचा सेफ्टी रेझर. गळा बराच सुधारलाय. तो पांढरा शर्ट मात्र कामातून गेला. घाईघाईत मी तो गरम पाण्यात बुडवला होता, आणि रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का होतो हे आईने नंतर सांगितलं. यंदा रंगपंचमीला तोच घातला.