वाटीखालचे दुखणे

युकी भांब्रीने २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचे ज्युनिअर विजेतेपद पटकावले. २०१७ मध्ये पुण्याची चॅलेंजर स्पर्धा जिंकली, २०१८ मध्ये जागतिक क्रमवारीत ८३ वा क्रमांक गाठला. त्याच वर्षी गुडघा दुखावला. दोन वर्षांहून अधिक काळ कोर्ट सुटले. पुढे दुहेरीत त्याने नाव केले, पण एकेरीतली चढण तिथेच तुटली.

पळता पळता थांबणे, उडी मारणे यांचा भार गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर येतो. तिला रक्तपुरवठा बेताचाच, म्हणून ती सावकाश भरून येते. उंद्रीच्या कबड्डी-व्हॉलीबॉल खेळणाऱ्या पोरांनो, तिथे ठणकत असेल तर पट्टा बांधून सामना रेटू नका. उड्या थांबवा, डॉक्टरांना दाखवा. मात्र खाटेवर पडूनही राहू नका. सांगितलेला मांडीचा व्यायाम हळूहळू वाढवा. त्याला महिने लागतात.